उठता येणारी खुर्ची

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये आमच्या हॉलच्या भिंतीला लागून चार लाकडी खुर्च्या होत्या आणि त्यांवर कुणी बसायचं नाही, असा माझ्या मुलाचा नियम होता. पाहुणे सोफ्यावर बसत, नात गालिच्यावर, मी स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. खुर्च्या मात्र एसीत. दुपारी पडदे ओढून घ्यायचे, कारण उन्हाने लाकडाचा रंग उडतो. धूळ पुसायची ती मऊ फडक्याने, पाणी न लावता. मी सुनेला एकदा म्हटलं, ह्यांचं बारसं करून टाक, म्हणजे हाक मारायला बरं. ती हसली नाही. पुसायचं काम तिच्याकडे होतं.

मी रत्नागिरीकडची, चौथी शिकलेली. हे मस्कतला फार आधी आले. कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होते. पहाटे कामगारांना कॅम्पातून उचलायचं, रुसैलच्या कारखान्यांत सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. आयुष्यभर ह्या माणसाने बसूनच कमावलं, असं मी म्हणायचे. दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर गावी यायचे. मुलगा डिप्लोमा करून इकडेच नकाशे काढायच्या नोकरीला लागला, लग्न झालं, नात झाली. सुनेचं बाळंतपण करायला म्हणून मी आले आणि राहिले. पुढे हेही निवृत्त होऊन कॅम्पातून मुलाच्या घरी आले. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच सलग एका घरात राहायला लागलो. ह्यांना चहात साखर किती लागते, हे मला सुनेला विचारावं लागलं.

खुर्च्या आल्या त्या ह्यांच्या निवृत्तीच्या आधी. मस्कतमध्ये गोरी कुटुंबं नोकरी संपली की घरातलं सगळं सामान विकून जातात. शुक्रवारी सकाळी दार उघडं टाकतात, लोक येतात, कुणी कुकर नेतं, कुणी पडदे. माझ्या मुलाला अशा घरांतून फिरायचा नाद होता. एका शुक्रवारी तो मलाही घेऊन गेला. घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. तिचा नवरा इथे इंजिनियर होता, त्या दोघांनी आपल्या देशातून बोटीने ह्या खुर्च्या आणल्या होत्या. मी तिच्याकडून दोन पातेली घेतली. मुलगा खुर्च्यांसमोर जाऊन उभा राहिला तो हलेचना. एक खुर्ची उलटी केली, खालच्या लाकडावरचा जळका शिक्का बघितला, परत सरळ ठेवली. मग बाईने सांगितली ती किंमत त्याने तशीच देऊन टाकली. माझा मुलगा भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस करतो. मला तेव्हाच कळलं, की प्रकरण साधं नाही.

घरी आल्यावर त्याने मला समजावलं. ह्या खुर्च्या डेन्मार्कच्या एका माणसाने केलेल्या. आधी तो सुतारकाम शिकला, मग कागदावर खुर्च्या काढायला लागला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. सागवान, पण पाय बारीक, खाली निमुळते होत गेलेले. हात आणि पाठ एकाच वळणात, कुठे जोड दिसत नाही. बसायची जागा दोरीने विणलेली. मी हात लावून बघितलं आणि विचारलं, ही कसली दोरी? तो म्हणाला, कागदाची. पीळ देऊन केलेली कागदाची दोरी. मी म्हटलं, कागदावर बसायचं? तो म्हणाला, "आई, तुला त्यातलं कळत नाही."

त्याच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं, सगळं खुर्च्यांच्या फोटोंचं. त्यात ह्या खुर्चीचे चार फोटो, एक खालून काढलेला. तो माणूस वारला, त्याचा कारखाना बंद झाला, आता नव्या होत नाहीत, म्हणून जगभरातले हौशी लोक जुन्या शोधत फिरतात, असं मुलगा सांगायचा. शिक्का असला पाहिजे. पॉलिश मूळचं असलं पाहिजे, नव्याने मारलेलं नको. आणि चार एकत्र असल्या तर एकेकटीपेक्षा भाव कितीतरी जास्त. मी विचारलं, त्या माणसाने ह्या केल्या कुणासाठी? तो म्हणाला, साध्या घरांसाठी. मास्तर, कारकून, अशा लोकांना परवडाव्यात म्हणून.

"मग मास्तर आणि कारकून बसले असतील ना त्यांवर?"

त्याने पुस्तक मिटलं.

त्याच्यासारखेच नाद असलेले दोन-चार जण बघायला यायचे. आत आले की आधी खुर्ची उलटी करायचे. पोटाखालचा शिक्का बघायचे, सांध्यांवर नख फिरवायचे, विणीचे पेड मोजायचे. मग हात मागे बांधून लांबून बघत उभे राहायचे. मी चहा घेऊन आले की सोफ्यावर बसून प्यायचे. इतकी वर्षं त्या खुर्च्या घरात होत्या, पण मी एकाही पाहुण्याला त्यांवर बसलेलं पाहिलं नाही.

मग ह्यांना झटका आला. सकाळी दात घासताना बेसिनपाशी उजवी बाजू लुळी पडली. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा पाय ओढत चार पावलं चालता यायचं, उजवा हात कामाचा राहिला नव्हता आणि बोलणं गेलं होतं. सगळं नाही. मराठी गेली आणि बसवरचे दोन अरबी शब्द राहिले, यल्ला म्हणजे चला आणि खलास म्हणजे संपलं. भूक लागली की यल्ला, जेवण झालं की खलास. माझं नाव ह्यांनी तसंही कधी घेतलं नव्हतं, त्यामुळे त्याचं काही नुकसान झालं नाही.

चालणं जमत होतं. अडत होतं ते उठणं. व्यायाम करून घ्यायला केरळची एक मुलगी यायची. ती हिंदीत सांगून गेली, की एकदा उभे राहिले की हे संडासापर्यंत भिंत धरून जातील, पण खुर्चीतून उठणं त्यांचं त्यांना जमलं पाहिजे. कुठल्या खुर्चीतून, ते तिने सांगितलं नाही. सोफ्यात हे रुतून बसायचे. प्लॅस्टिकची खुर्ची एका हाताने रेटली की कलंडायची, एकदा हे तिच्यासकट पडले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीला हातच नव्हते. पलंग फार खाली. म्हणजे प्रत्येक वेळी मी. ह्यांच्या बगलेत हात घालायचा, गुडघ्याला गुडघा लावायचा आणि ओढायचं. सकाळी सून ऑफिसला जायच्या आधी ती एकदा उठवायची. बाकी दिवसभर मी. शिवाय आत सोबत जायचं, दार उघडं ठेवायचं, कारण बसलेला माणूस परत उठवायलाही मीच. हे मान भिंतीकडे वळवून बसायचे. माझी कंबर महिन्याभरात गेली. डॉक्टरने पट्टा दिला. पट्टा लावून मी उचलायला लागले.

हे सांगते त्यात रडगाणं नाही. माणूस जड असतो, एवढंच. ज्याने उचललं नाही त्याला ते कळत नाही.

एका दुपारी मी पोळ्या करत होते. हॉलमधून यल्ला ऐकू आलं, मी म्हटलं थांबा, तव्यावर पोळी आहे. पोळी उतरवून बाहेर येते तर हे उभे. भिंतीला हात, तोंड संडासाकडे. मागे त्या चारांतली कडेची खुर्ची. सोफ्यावरून मीच ह्यांना थोड्या वेळापूर्वी उठवून चालायला लावलं होतं, दम लागला असेल, जवळ होती तिच्यावर हे टेकले असतील. पण उठले कसे? मी परत बसवून बघितलं. म्हटलं, उठा. ह्यांनी डावा पाय खुर्चीच्या खाली मागे घेतला, डाव्या हाताने खुर्चीचा हात दाबला, यल्ला म्हणाले आणि उठले.

मी त्या खुर्चीकडे मग नीट बघितलं, जसं मुलगा पुस्तकात बघायचा तसं. बसायची जागा विणलेली, दबत नव्हती, माणूस रुतत नव्हता. पुढच्या दोन पायांमध्ये आडवी पट्टी नव्हती, म्हणून पाऊल खाली मागे घेता येत होतं. हात पुढपर्यंत आलेले आणि नेमके तळवा टेकेल तिथे सपाट. पाय जरा बाहेर फाकलेले, म्हणून एका बाजूने जोर दिला तरी ती कलंडत नव्हती. टाइलवर सरकायची, ती खाली चटई टाकल्यावर सरकेना. मला वाटलं, हे ज्याने केलं त्याच्या घरात कुणीतरी गुडघे गेलेलं माणूस नक्की असणार. नाहीतर सुचत नाही.

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा हे त्या खुर्चीत बसलेले. तो दारातच थांबला. मी म्हटलं, बघ. ह्यांनी उठून दाखवलं. मुलाचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. मग तो आत गेला आणि टॉवेल घेऊन आला, खुर्चीच्या पाठीवर टाकायला. दोन्ही खरं होतं. मी रोज ह्यांच्या अंगाला तेल चोळायचे, डोक्यालाही, आणि ते तेल लाकडाला लागेल ही त्याची भीती रास्त होती. लागलंच. डाव्या हाताच्या जागी लाकूड काळं पडत गेलं. तो रोज बघायचा. मी त्याला त्याबद्दल वाईट म्हणणार नाही.

केरळच्या मुलीने सांगितलं म्हणून संडासातही डाव्या हाताला दांडी बसवून घेतली, आणि तसाच पाय मागे घेऊन हे तिथूनही आपले आपण उठायला लागले. असं सात-आठ महिने चाललं. माझी कंबर थोडी सावरली. मग मुलाच्या ऑफिसात कळलं की त्याची जागा आता ओमानी माणसाला द्यायची आहे. त्यांचा देश, त्यांची पोरं शिकून तयार झाली, त्यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. मुलाने ठरवलं, स्वतःचं दुकान काढायचं, घरं आतून सजवून द्यायचं. त्याला भांडवल हवं होतं. दुबईचा एक व्यापारी होता, युरोपातला, जुनं फर्निचर घेऊन हॉटेलांना आणि हौशी लोकांना विकणारा. त्याने फोटो मागवले होते. त्याला खुर्च्या हव्या होत्या, पण चारही. तीन असतील तर येतच नाही, म्हणाला.

मुलाने हे जेवताना सांगितलं, भाताकडे बघत. हे समोरच बसले होते, त्याच खुर्चीत, टेबलाशी ओढून घेतलेल्या. ह्यांना बोलता येत नव्हतं, ऐकू सगळं येत होतं.

मी विचारलं, "आणि ह्यांनी उठायचं कशावरून?"

तो म्हणाला, त्याचा विचार केलाय. बाबांसाठी अगदी तशीच नवी करून घेऊ. रुसैलला आपल्या गावचा सुतार आहे, मापं घेईल, हुबेहूब करील. खुर्ची शेवटी खुर्ची असते. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकून सुनेने मान वर केली. इतकी वर्षं त्याने आम्हाला बरोबर उलटं सांगितलं होतं.

सून मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, मी त्याच्याशी बोलले. तो रात्र-रात्र झोपत नाही. तुम्ही नवी खुर्ची येईपर्यंत तरी थांबा."

मी थांबले. नव्या खुर्चीतून हे उठले असते, तर मला त्या जुन्या लाकडाचं काही पडलं नव्हतं. व्यापारी नेऊ दे नाहीतर शेगडीत जाऊ दे.

सुतार गाववालाच. ह्यांनी त्याला वर्षानुवर्षं बसने कामावर नेला होता. एकदा त्याला ताप होता तेव्हा ह्यांनी बसची वाट वाकडी करून त्याला दवाखान्यात सोडला, त्यासाठी बोलणीही खाल्ली. त्यामुळे तो ह्यांना फार मानायचा. येऊन टेपने मापं घेतली, खुर्ची उचलून बघितली आणि हसला.

"पाय बघा, केवढेसे. गोऱ्यांकडे लाकूड महाग असणार," म्हणाला. "काका, तुम्ही काय काळजी करू नका. मी करतो व्यवस्थित."

मुलाने त्याला दहा वेळा बजावलं, माप बदलू नकोस. तो हो हो म्हणत गेला.

दोन आठवड्यांनी शुक्रवारी दुपारी तो कंपनीच्या पिकअपमधून खुर्ची घेऊन आला. मुलगा आणि सून त्या दिवशी नातीच्या शाळेच्या कार्यक्रमाला गेले होते. खुर्ची दारातून आडवी करून घ्यावी लागली. माणूस मोठा तर त्याची खुर्ची मोठी, हे आमच्या लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. सरपंचाची खुर्ची बघा, नवरदेवाची बघा. ह्याने काकांसाठी करायची म्हटल्यावर ती लहान कशी करणार? बसायची जागा चांगली दीड हात रुंद केली होती, ऐसपैस बसता यावं म्हणून. कागदाच्या दोरीऐवजी जाड फोम, वर लालसर रेक्झीन. हात उंच केलेले, टोकाला गोल वळवून नक्षी. पाठ डोक्यापर्यंत. पाय मनगटाएवढे जाड आणि पुढच्या दोन पायांमध्ये मजबुतीसाठी भक्कम फळी. वरून असं पॉलिश, की माझं तोंड त्यात दिसत होतं.

"कंपनीच्या कामात असा जीव ओतत नाय मी," तो म्हणाला. "बसा, काका."

आम्ही दोघांनी ह्यांना बसवलं. हे फोममध्ये खाली गेले. दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली, की डावा हात खुर्चीच्या हाताला नेला तर खांदा वर चढायचा. सुतार समोर खाली बसला, ह्यांच्या तोंडाकडे बघत.

"बरी हाय ना, काका?"

ह्यांनी मान हलवली. बरी आहे. आणि हसले, अर्ध्या तोंडाने, तेवढंच हसता यायचं.

मी चहा केला, पोहे केले. तो निवांत बसला. गावचं बोलला, कुणाचं घर झालं, कुणाचा पोरगा कतारला गेला. मधेच उठून खुर्चीला हात लावून बघायचा, आपल्याच कामावर खूश. मला ह्यांचा चेहरा दिसत होता. पाऊल मागे घ्यायचा प्रयत्न करत होते, ते फळीला अडत होतं. मी दोनदा विचारलं, उठायचंय का? दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हणाले. ज्याने एवढ्या मानाने खुर्ची करून आणली, त्याच्यासमोर त्यातून बायकोने ओढून काढायचं, हे त्यांना करायचं नव्हतं. मला ते कळत होतं. मला रागही येत होता. तो जाईपर्यंत हे बसून राहिले.

तो पायऱ्या उतरला तेव्हा ह्यांची लुंगी भिजली होती. रेक्झीनवरून ओघळून खाली टाइलवर आलं होतं.

मी ह्यांना ओढून काढत होते, तेवढ्यात मुलगा, सून आणि नात आले. मुलगा धावला आणि दुसऱ्या बगलेत हात घातला. मला वाटतं, बापाला त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण उचलला असेल. रोज तो घरी यायच्या आत सगळं आवरलेलं असायचं. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "खलास," म्हणाले, खाली बघून. नात इंग्रजीत आईला काहीतरी विचारायला लागली, सुनेने तिला आत नेलं. मी लुंगी बदलली, फरशी पुसली, रेक्झीन पुसलं. मुलगा त्या नव्या खुर्चीच्या पुढे उकिडवा बसून फळीवर हात फिरवत होता. मला म्हणायचं ते त्याने फरशीवर बघितलं होतं.

तरीही व्यापाऱ्याला त्याने नको सांगितलं नाही. मला वाटलं होतं सांगेल. पुढच्या शुक्रवारी तो माणूस यायचा होता, तो आला.

उंच, पातळ, अंगावर पांढरा सदरा, बोलायला मऊ. बरोबर छोटी टॉर्च. सुनेने त्याला आत घेतलं. तीन खुर्च्या भिंतीपाशी पुसून ठेवल्या होत्या आणि चौथीत हे बसलेले होते, कारण दुसरीकडे बसवलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्याने एक-एक करून तिन्ही उलट्या केल्या. टॉर्चने शिक्का बघितला, सांधे बघितले, विणीवर बोट फिरवलं. माझ्या मुलाशी हळू आवाजात इंग्रजीत बोलत होता. मला त्यातलं कळत नव्हतं, पण माल पसंत पडलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो. मग तो ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. सभ्य माणूस होता. नुसता उभा राहिला.

पाहुणा उभा आणि आपण बसलेले, हे ह्यांना चालणार नव्हतं. ह्यांनी पाय मागे घेतला, डावा हात काळ्या पडलेल्या लाकडावर ठेवला, "यल्ला," म्हणाले आणि उठून उभे राहिले. मग त्याच डाव्या हाताने त्याला खुर्ची दाखवली. बसा.

तो ह्यांच्याकडे बघून हसला, मान लववली, आणि खुर्ची उचलून उलटी केली.

हे तसेच उभे. भिंत दोन हातांवर, तिथवर पोचायला पाऊल टाकावं लागलं असतं आणि ते टाकायची ताकद बसल्याशिवाय येणार नव्हती. मी जाऊन बगलेला धरलं. पाय थरथरत होते, ते मला माझ्या खांद्यात कळत होतं. तो माणूस टॉर्च लावून शिक्का बघत होता. तेलाच्या डागावर त्याने अंगठा घासला, अंगठा नाकाशी नेला, मुलाला काहीतरी विचारलं. बसा म्हटलेला पाहुणा बसला नाही आणि आपली खुर्ची पाय वर करून पडलीय, असं ह्यांच्या तोंडावर होतं. मुलाने ते पाहिलं.

मी मुलाला म्हटलं, "आधी खुर्ची सरळ कर. ह्यांना बसू दे. मग काय विकायचं ते विक."

आवाज चढवला नव्हता. चढवायला अंगात जोर नव्हता, तो सगळा ह्यांना धरण्यात चालला होता.

मुलाने त्या माणसाच्या हातातून खुर्ची घेतली. ओढून नाही, पण घेतली. चटईवर सरळ ठेवली, मागून पाठ धरली आणि ह्यांना बसवलं. मग तिथेच, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, त्या माणसाशी इंग्रजीत बोलला. सुनेने मला नंतर सांगितलं काय बोलला ते. म्हणाला, तीन देतो. चौथीवर माझे वडील बसतात. त्या माणसाने समजावलं, की तिन्हींना मिळून अर्धाही भाव येणार नाही, की त्याचं गिऱ्हाईक चार मागतं, की डाग असूनही तो चौथी घ्यायला तयार आहे, आणि वडिलांसाठी तो दुबईहून हव्या तितक्या चांगल्या, खास आजारी माणसांसाठी केलेल्या खुर्च्या पाठवील. मुलगा म्हणाला, ही खुर्ची त्याच कामासाठी केलेली आहे. त्या माणसाने ह्यांच्याकडे एकदा बघितलं. शेवटी त्याने टॉर्च खिशात घातली. चहा घेतला, तोही उभ्यानेच, आणि गेला.

त्यानंतर मुलगा माझ्याशी आठवडाभर धड बोलला नाही. मीही त्याला शाबासकी दिली नाही. बापाची बसायची जागा बापाला ठेवली, त्यात शाबासकी कसली? पण त्याचं दुकान त्यामुळे झालं नाही, हेही खरं. दुसऱ्या एका ठेकेदाराकडे कमी पगारावर लागला. उरलेल्या तीन खुर्च्या त्याने पुढे सुट्या-सुट्या विकल्या, घराचं भाडं चुकवायला. एक नेणाऱ्या बाईने हॉलमध्येच त्यावर बसून बघितलं, ते मला आवडलं. सुताराची खुर्ची आम्ही त्याला न दुखावता एका ओळखीच्या वाण्याला मत्रहच्या बाजारात दुकानात ठेवायला दिली. तो धष्टपुष्ट आहे, त्याला ती बरोबर होते.

दीड वर्षाने ह्यांना दुसरा झटका आला. त्यानंतर कुठल्याच खुर्चीचा उपयोग राहिला नाही, पलंगावरच सगळं. उचलायला मी, सून आणि आता मुलगाही. तेव्हा तो मला म्हणाला, आई, एवढ्याचसाठी मी ते सगळं सोडलं का? चिडून नाही, दमलेल्या माणसासारखं विचारलं. मी म्हटलं, हो, एवढ्याचसाठी.

ते दीड वर्ष हा माणूस आपला आपण उठत होता. भिंत धरत संडासात जायचा आणि दार आतून लावून घ्यायचा. मला बाहेर उभं राहावं लागत नव्हतं. मी स्वयंपाकघरात माझं काम करत असायचे.